तेलाचा डाग

आमची जीप उभी राहायची तिथं अंगणात तेलाचे थेंब पडायचे. आई पहाटे सडा-रांगोळी करायची आणि अण्णा शेतावरून परतले की उजव्या पुढच्या चाकामागं पुन्हा काळा डाग. "हिला एक लंगोट बांधा," आई म्हणायची.

जीप विलीजच्या घडणीची, महिंद्राने बांधलेली, उंच बॉनेटची. गळायचा तो स्टेअरिंग बॉक्स. अण्णा पंधरवड्याला बूच काढून त्यात नव्वद नंबरचं गिअर ऑइल भोकापर्यंत भरायचे.

मी तेव्हा कॉलेजात, शहाणपण उतू चाललेलं. दिवाळीच्या सुट्टीत अण्णा बाजारला गेले, तेव्हा ग्रीसगन घेतली आणि बॉक्समध्ये चाकाचं घट्ट ग्रीस ठासून भरलं. थेंब थांबले. आई खूश. अण्णांना वाटलं, मी मिस्त्रीकडून सील बदलून आणलं. मीही तसंच वाटू दिलं.

थंडी पडली तसं स्टेअरिंग जड व्हायला लागलं. वळणावर चाक फिरवलं की आपसूक सरळ होईना. अण्णा म्हणायचे, "माझ्या दंडातलं बळ गेलं आता." मी गप्प.

पौषात कालव्याच्या रस्त्यानं निघालो होतो. मागं आई आणि धाकटी बहीण. समोरून उसाची बैलगाडी आली. अण्णांनी जीप कडेला घेतली, पण परत वळेचना. ब्रेक लागला तेव्हा पुढचं चाक कालव्याच्या काठापासून वीतभर. कुणी काही बोललं नाही.

मिस्त्रीनं बॉक्स उघडला. ग्रीस चारी भिंतींना चिकटलेलं, मधे नुसती पोकळी. ज्या मळसूत्री खाचेतून लिव्हरच्या खुंट्या सरकतात, ती खाच कोरडी, तिला खवले पडलेले.

"तेल बाजूला सारलं तरी वाहत परत येतं," तो म्हणाला. "हे घट्ट ग्रीस एकदा बाजूला झालं की तिथंच बसतं. कुणी भरलं हे?"

मी भरलं, म्हणालो.

त्यानं रॉकेलनं बॉक्स धुतला, बुश आणि सील बदललं, पुन्हा नव्वद नंबर ओतलं. "जुन्या बॉक्सनं तेल गाळलं तर आत तेल आहे म्हणून समजा. गळायचं थांबलं की आधी बूच उघडून बघा."

घरी येताना अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बैलगाडीला आपण एरंडेल घालतो, ते का? वाहतं म्हणून. पण ते राहू दे. मला सांगायचं होतंस. दोन महिने मी तुझ्या आईकडून दंड चोळून घेतोय."

नवं सीलही वर्षभरानं पाझरायला लागलं. आईनं तिथं डालड्याचा रिकामा डबा ठेवला. आता अण्णा नाहीत, जीप आहे. पंधरवड्याला बूच काढून बोट घालून बघतो. बोट ओलं झालं की बरं वाटतं.