मे महिन्यातली विहीर आणि ऑक्टोबरातली

पर्यावरण धोरण या विषयात एम.ए. करताना पहिले काही महिने मी फक्त वाचत होते: कायदे, अहवाल, आंतरराष्ट्रीय करार. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता पदव्युत्तर अभ्यासक्रमात 4 श्रेयांकांची ओजेटी असते, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. माझ्या वाट्याला पारनेर तालुक्यातलं एक गाव आलं. काम होतं गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला मदत करण्याचं. पाऊस किती पडतो, त्यातला मुरतो किती आणि गाव वापरतं किती, याचा हा जमाखर्च. मे महिन्यात एसटीतून उतरले तेव्हा बॅगेत भूजल कायद्याची प्रत होती, पण विहिरीत वाकून मी कधी पाहिलेलं नव्हतं.

गावचे जलसुरक्षक, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, पहिल्याच सकाळी मला विहिरींवर घेऊन गेले. हातात वजन बांधलेली फीत. मला वाटलं, फीत खाली सोडायची, पाण्याला टेकली की आकडा लिहायचा. आण्णा थांबले. आधी त्यांनी कठड्याची उंची मोजली, कारण पातळी जमिनीपासून धरायची असते, कठडा त्यातून वजा होतो. मग मळ्यातल्या मावशींना हाक मारून विचारलं, "मोटर कधी बंद केली?" रात्रपाळीची लाईट होती, पहाटेपर्यंत उपसा चालला होता. आण्णा म्हणाले, "पाणी अजून चढतंय, पोरी. आत्ता मोजून उपयोग नाही, संध्याकाळी येऊ." अहवालात मी ज्याला ‘स्थिर भूजल पातळी’ म्हणून वाचलं होतं, ती विजेच्या वेळापत्रकावर अवलंबून असते हे तेव्हा कळलं.

संध्याकाळी फीत सोडली. पाण्याला वजन टेकल्याचा आवाज आण्णांना लगेच कळला, मला तो ओळखायला बराच वेळ लागला. पण त्या वाकण्यात विहिरीच्या भिंती दिसल्या. वर माती, खाली पिवळसर मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा खडक, आणि तळाशी गुळगुळीत काळा दगड. भोकाभोकांच्या थराला आण्णा मांजऱ्या म्हणाले, तळच्याला काळा पाषाण. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भाग अशाच लाव्हाच्या थरांवर वसलेला आहे. पाणी मुरमात आणि मांजऱ्यात धरलं जातं. पाषाणात ते फक्त भेगांतून शिरतं. एका विहिरीतला ओलसर पट्टा शेजारच्या विहिरीतही साधारण त्याच खोलीवर होता. म्हणजे विहिरी दोन, मालक दोन, पाणी एकच. पुस्तकात याला जलधर म्हणतात. मालकी हक्कावर वर्गात इतकी चर्चा केली होती, पण ती ओल पाहिल्यावर त्या चर्चेतलं अर्धं मला नव्याने समजलं.

मग हिशेब. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला तर 10,000 लिटर पाणी होतं. हे गणित शाळकरी आहे, तरी मी ते पहिल्यांदाच करत होते. गावाचं क्षेत्र घेऊन गुणाकार केला आणि आकडा इतका मोठा आला की टंचाई कशी पडते हेच कळेना. आण्णांनी विचारलं, "त्यातलं मुरतं किती?" अशा कातळात बहुतेक ठिकाणी दहावा हिस्साही मुरत नाही. बाकीचं वाहून जातं, उडून जातं. खर्चाच्या बाजूला जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी दिवसाला 55 लिटर धरले. दोन हजार लोकवस्तीला वर्षाला सुमारे चार कोटी लिटर लागतात. पाटपाण्याने भिजवलेल्या उसाला हेक्टरी साधारण दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे पाच एकर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षभराचं घरगुती पाणी एका तोलाचं. हा आकडा मी रात्री पुन्हा पुन्हा तपासला. तो बदलला नाही.

ओजेटी संपली, गुणही मिळाले. पण विहिरी मी फक्त उन्हाळ्यातल्या पाहिल्या होत्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मे आणि ऑक्टोबरच्या पातळीतला फरक म्हणजे त्या वर्षी पावसाने जमिनीत भरलेली ठेव. म्हणून ऑक्टोबरात मी सुट्टी काढून परत गेले. त्याच विहिरीत आता पाणी हात दोन हातांवर होतं, आणि रब्बीला काय पेरायचं यावर ग्रामसभा बसणार होती.

ग्रामसभेत मी ताळेबंदाचा तक्ता लावला. कायद्यातली तरतूदही वाचून दाखवली: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची नाही. मागून एक आजी म्हणाल्या, "लिहिलंय ते खरं, ताई. पण बोअरची गाडी रात्री येते. मोजायला कोण उभं राहणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जवळच्याच हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ग्रामसभेतच ठरवलं आणि पाळलं, हे मला माहीत होतं. पण त्यामागे पोपटराव पवार आणि गावकऱ्यांची कित्येक वर्षांची मेहनत आहे, तो ठराव दुसऱ्या गावात नेऊन चिकटवता येत नाही. त्या दिवशी या गावाने बोअरबंदी केली नाही. पाच निरीक्षण विहिरींची पातळी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दर महिन्याला लिहायची, एवढं ठरलं. मला ते मोठं वाटतं, कारण आकडा भिंतीवर आला की त्यावर भांडता येतं.

विद्यापीठांना एक विनंती आहे. ओजेटी उन्हाळ्यात एकदाच उरकू नका. निम्मे तास मे महिन्यात द्या आणि निम्मे ऑक्टोबरात, त्याच गावात. पाण्याचे निर्णय ऑक्टोबरात होतात, आणि धोरण शिकणारी मुलं त्या वेळी वर्गात बसलेली असतात.