रेशन आणि ग्रीन कार्ड

शनिवार सकाळ. कपडे मशिनला लावून चहा घेऊन बसलोय. हे लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, पण लाज वाटत होती. आज लिहूनच टाकतो.

2023 च्या सुरुवातीला, नोकरकपातीच्या लाटेत, न्यू जर्सीतल्या माझ्या एका मित्राची नोकरी गेली. एच-1बी वाल्याला दुसरी शोधायला 60 दिवस. विमा महिनाअखेर बंद. तोच विमा कोब्राखाली स्वतःच्या खिशातून चालू ठेवायचा तर तिघांचे महिना दोन हजार डॉलरच्या घरात! आणि मुलगी तीन महिन्यांची. इथेच जन्मलेली, म्हणजे अमेरिकन नागरिक. दवाखान्यातल्या बाईंनी वहिनींना सुचवलं, बाळापुरता मेडिकेडचा अर्ज करून टाका.

मित्राने मला फोन केला. का, तर मी आमच्या ग्रुपातला ग्रीन कार्डचा जाणकार! मीही छातीठोकपणे सांगितलं, "अजिबात घेऊ नकोस रे. पब्लिक चार्जचा शिक्का बसेल, ग्रीन कार्ड गेलंच समज."

त्याने ऐकलं. विमा नाही, मेडिकेड नाही, लसी पुढे ढकललेल्या. एका रात्री पोरगी तापाने फणफणली. एवढ्याशा बाळाला ताप आला की तडक इमर्जन्सी गाठायची असते. हे दोघं बिलाच्या धास्तीने पहाटेपर्यंत थर्मामीटर घेऊन बसले. नशीब, निभावलं. नोकरीही मुदतीत मिळाली.

मग एकदा मी ते नियम खरोखर वाचले. (आधी वाचले असते तर!) सरकारवर भार होऊ शकेल अशा माणसाला आत घेऊ नये, हे कलम 1882 च्या कायद्यातलं. 1999 च्या मार्गदर्शनात मोजायचे ते मुख्यतः पोटापाण्यासाठीची रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं. ट्रम्प सरकारने 2019 मध्ये त्यात फूड स्टॅम्प, मेडिकेड, घरभाड्याची मदत घातली. 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त घेतलं की संपलं. एकाच महिन्यात दोन लाभ घेतले तर दोन महिने धरायचे! सोबतच्या फॉर्मात क्रेडिट स्कोअरसुद्धा विचारायचे. तो नियम फेब्रुवारी 2020 ते मार्च 2021 एवढाच चालला. डिसेंबर 2022 पासून लागू झालेला नियम बराचसा 1999 च्या वळणाचा.

म्हणजे मी सल्ला दिला तेव्हा माझ्या डोक्यातला नियम मरून जवळजवळ दोन वर्षं झाली होती. आणि त्या कडक नियमातही 21 वर्षांखालच्या मुलांचं मेडिकेड मोजत नव्हते. मुलांनी घेतलेला लाभ आईबापाच्या खात्यावर चढत नव्हता. मी जे ठोकून दिलं ते कुठल्याच नियमात नव्हतं!!

मूळ बहुतेक घरातच असावं. आमच्याकडे केशरी रेशनकार्ड होतं. आई दुकानातून फारसं काही आणायची नाही, "लोक काय म्हणतील". पण इथले रहिवासी आहोत हे सिद्ध करायला प्रत्येक कचेरीत तेच कार्ड पुढे करायचो. इथे उलटं, रेशन घेतलं तर रहिवास जाईल अशी भीती. ती आपल्याला लगेच खरी वाटते, कारण फुकटचं घेणं म्हणजे कमीपणा हे आधीच मनात बसलेलं.

नोव्हेंबर 2025 मध्ये 2022 चा नियम काढून टाकण्याचा प्रस्ताव आला, आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा तेच फॉरवर्ड फिरायला लागले. मित्राचा फोन आला. वहिनींना दुसरं होणार आहे.

"काय करायचं रे या वेळी?"

मी त्याला एका वकिलाचा नंबर दिला. पहिल्या भेटीची फी मी भरतो म्हटलं, तर हसला. भरून टाकली.