जुन्या इंदुराचे ऋण

इंदूर होळकरांनी वसविले, असे आम्ही मराठी मंडळी सहज बोलून जातो. राजवाड्याचे सात मजले समोर उभे असले म्हणजे ते खरेही वाटते. परंतु वकिलीने आम्हांस एक खोड लावली आहे: कोणी हक्क सांगितला की आधी मूळ कागद पाहावयाचा.

तो पाहू लागले म्हणजे पाऊल जुनी इंदूरकडे वळते. कान्ह व सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठची ही वस्ती. इंद्रेश्वर महादेवावरून गावास नाव पडले, अशी श्रद्धा आहे. येथले मंडलोई जमीनदार मूळचे कंपेलचे. त्यांपैकी राव नंदलाल यांनी १७१६ साली मोगल दरबाराकडून करमाफीची सनद मिळविली. दक्षिणेतून दिल्लीकडे निघालेल्या व्यापाऱ्यास पाणी आणि करमाफी एकाच ठिकाणी लाभल्यावर तो तेथेच मुक्काम करणार. पेठ वसते ती अशी.

होळकरांचा अंमल त्यानंतरचा. अहिल्यादेवींनी तर राजधानी नर्मदाकाठी महेश्वरास ठेविली होती. महिदपूरच्या पराभवानंतर १८१८ साली मंदसोरचा तह झाला आणि मगच इंदूर राजधानी झाले. पेठ आधी, राजधानी शंभर वर्षांनी! याने होळकरांचे मोठेपण तिळभरही उणावत नाही. दुसऱ्याने मांडलेला संसार ज्याने भरभराटीस आणला, त्याचा मान वेगळाच.

मात्र या हिशेबात एका धनकोची फेड राहून गेली आहे. तो धनको म्हणजे नदी. १९१८ साली पॅट्रिक गेडिस यांनी दरबारास नगररचनेचा अहवाल दिला. त्यात नद्यांचाही विचार होता. तरी पुढे शहराचे सांडपाणी कान्हेतच उतरत राहिले. ही कान्ह उज्जयिनीजवळ क्षिप्रेस मिळते. २०१६ च्या सिंहस्थात तिचे पाणी स्नानाच्या घाटांपासून दूर, नळांतून वळवावे लागले. जिच्या काठी देवाने गावास नाव दिले, तिलाच देवाच्या स्नानास येण्याची मनाई!

अलीकडे शहराने नाले अडविण्याचे काम मनावर घेतले आहे, ही समाधानाची गोष्ट. पण सारे नगरपालिकेवर सोपवून भाविकांस मोकळे होता येणार नाही. निर्माल्य पाण्यात न सोडणे एवढे तरी आपल्या हाती आहे. सावकाराचे कर्ज मुदतबाह्य होते. नदीच्या ऋणास कोणत्याही कायद्यात मुदत नाही.