नव्या प्रोसेसरला पूर्ण काम

रायपूर, रात्री उशिरा. मशीनमध्ये झेन ३ प्रोसेसर आहे, पण जीसीसी कंपायलरला काही सांगितलं नाही तर तो २००३च्या पहिल्या ६४-बिट एएमडी चिपलाही पेलतील अशाच आज्ञा लिहितो. एका आज्ञेत चार फ्लोट, बस्स. ओ३ या पर्यायाच्या जोडीला ‘मार्च=नेटिव्ह’ दिलं की तो समोरचा प्रोसेसर ओळखतो. असेम्ब्ली उघडली: आतल्या लूपमध्ये एक्सएमएमच्या जागी वायएमएम रजिस्टर, म्हणजे एकदम आठ! मन भरून आलं. घामाच्या पैशाचं यंत्र अर्ध्या ताकदीवर राबू नये. मात्र असा बनलेला प्रोग्राम एव्हीएक्स२ आज्ञा नसलेल्या जुन्या संगणकावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळेल. म्हणून मित्रांनो, दुसऱ्याला द्यायचा प्रोग्राम ‘नेटिव्ह’ करू नका, ‘एक्स८६-६४-व्ही२’वर थांबा.