कच्च्या वाटेआधीची तयारी

जयसिंगपुरात कापडाचे दुकान चालविणाऱ्या अण्णांनी दिवाळीच्या पाडव्याला जिम्नी घेतली, ती डोंगर चढण्यासाठी नव्हे. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आईला डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागे. आधीची गाडी दोनदा वाटेत बंद पडली होती आणि आई रिक्षाच्या प्रतीक्षेत रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली होती. ते दृश्य अण्णांच्या मनातून जात नव्हते. आटोपशीर, पाच दरवाज्यांची आणि भरवशाची गाडी हवी होती, ती मिळाली. आईचे गुडघे वाकत नसत, म्हणून गाडी घेतानाच दोन्ही बाजूंना फूटस्टेप बसवून घेतल्या. चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा या गाडीत असते, हे अण्णांना ठाऊक होते. पण घरातले चांदीचे ताट जसे कपाटातच राहते, तसेच गिअरशेजारच्या त्या दुसऱ्या लहान दांडीचे झाले होते.

नववीतील मुलीने एके दिवशी सहज विचारले, "बाबा, ही दांडी कशाची?" अण्णांनी सांगितले. तिने पुढे विचारले, "मग आपण ती कधीच का वापरत नाही?" या प्रश्नाला मात्र त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

योग असा, की त्याच आठवड्यात पन्हाळा तालुक्यातील मावसभावाचा फोन आला. त्याच्या शेतामागून टेकडीच्या कडेने जुनी बैलगाडीची वाट वर जाते. त्याच्याकडे जुनी जीप होती. डिसेंबरातल्या एका रविवारी दोघांनी मिळून त्या वाटेने जावे, असे ठरले. मुलीने मोबाईलवर मसाई पठारावर धावणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या. तिला तिथेच जायचे होते. मावसभावाने ते मोडून काढले. पठारावर जांभ्या खडकावर मातीचा केवळ पातळ थर असतो, पावसाळ्यात त्याच मातीतून फुले उमलतात, आणि चाकाचा एक ओरखडा तिथे वर्षानुवर्षे राहतो. आता ते संवर्धन राखीव क्षेत्रही आहे. तेव्हा जिथे चाके पूर्वीपासून फिरत आली आहेत आणि ज्याची जमीन आहे त्याची संमती आहे, त्याच वाटेने जायचे, हा पहिला नियम झाला.

दुसरा नियम घरातून आला. अण्णांच्या पत्नीने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "सोमवारी सकाळी साडेसातला गाडी दारात जशीच्या तशी उभी पाहिजे." त्या एका वाक्याने त्या सहलीचे वजन बदलले.

तयारी म्हणजे खरेदी, अशी अण्णांची प्रारंभी समजूत होती. त्यांनी वहीत यादी केली : गाडी उंच करणारे सस्पेन्शन, मोठे टायर, पुढे लोखंडी गार्ड, विंच, टपावर दिव्यांची पट्टी आणि कॅरिअर. बेरीज दीड लाखाच्या घरात गेली. वही घेऊन ते नेहमीच्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी आयुष्यभर ट्रॅक्टर, जीप आणि उसाच्या ट्रक दुरुस्त केल्या होत्या. त्यांनी यादीवरून नजर फिरवली, वही मिटली आणि जमिनीवर पोते अंथरले.

"अण्णा, गाडी उंच करायच्या आधी एकदा तिच्या पोटाखाली जावा."

पन्नाशीला आलेले अण्णा त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीखाली उताणे झोपले. मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात एकेक भाग दाखवला. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारे अखंड एक्सल, त्यांवरचे डिफरन्शियलचे गोल डबे, पेट्रोलची टाकी, सायलेन्सरची नळी. जमिनीपासूनची २१० मिलिमीटर उंची म्हणजे गाडीखाली सगळीकडे तेवढी मोकळी जागा, असे नव्हे. अशा एक्सलच्या गाडीत तो गोल डबाच जमिनीला सर्वांत जवळ असतो. म्हणून वाटेत दगड आला तर तो दोन चाकांच्या मधून काढायचा नाही. चाक त्याच्यावर चढवायचे, म्हणजे एक्सलही उचलला जातो. अनेक नवखे चालक नेमके उलटे करतात, दगड वाचवायला जातात आणि डबा आपटून घेतात.

मग मिस्त्रींनी कोनांचा हिशेब मांडला. ही गाडी पुढून ३६ अंशांचा चढ बंपर न घासता घेऊ शकते, मागून त्याहूनही तीव्र उतार सोडू शकते; पण उंचवटा ओलांडताना पोट टेकण्याचा कोन २४ अंशांचाच आहे. म्हणजे गाडीचा अवघड भाग तिचे नाक नव्हे, पोट आहे. आणि नेमक्या त्या पोटाच्या दोन्ही बाजूंना, खाली लोंबत, आईच्या फूटस्टेप होत्या.

"ह्या काढायला लागतील," मिस्त्री म्हणाले. "दगडावर टेकल्या तर वाकत्यात, आणि वाकताना दाराखालचा पत्रा घेऊन जात्यात."

यादीतल्या बाकीच्या वस्तूंचा निकाल त्यांनी एकेका वाक्यात लावला. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि बाजूच्या उतारावर ती लवकर कलंडते. मोठे टायर घातले की इंजिनावर आणि ब्रेकवर भार येतो, स्पीडोमीटरही खरे बोलत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाला बाध येईल असा बदल परस्पर करता येत नाही. पुढचे लोखंडी गार्ड तर अपघातात समोरच्या माणसाला अधिक इजा करते आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकते. त्यावर कारवाई करण्याचे केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. टपावर वजन चढवणे हाही गाडी उलटण्याला दिलेला हातभारच. अण्णांनी यादीवर आडवी रेघ मारली. खरेदीला आले होते ते, आणि निघाले ते गाडीवरच्या दोन वस्तू उतरवण्याचे ठरवून.

खरेदी अगदीच झाली नाही असे नाही. टायरमधील हवा मोजण्याचे साधे मीटर आणि गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा लहान पंप त्यांनी घेतला. कच्च्या वाटेवर हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला अधिक लांबीने धरतो आणि दगडाशी भांडण्याऐवजी त्याच्यावर बसतो. मात्र तशाच मऊ टायरने डांबरी रस्त्यावर वेगाने गेले तर तो तापून फुटू शकतो. म्हणून परतीची हवा भरण्याची सोय जवळ नसेल तर हवा काढूच नये. तिसरी खरेदी ताणला जाणाऱ्या नायलॉनच्या दोरखंडाची. गाडीचे वजन सुमारे १,२०० किलो. चिखलाची ओढ धरून किमान तिप्पट भार सहन करील असा दोरखंड त्यांनी घेतला. तो कुठे अडकवायचा, हे मिस्त्रींनी तीनदा बजावले. चेसीला कंपनीनेच बसवलेल्या हुकालाच अडकवायचा. बंपरला नाही, आणि ट्रॉली जोडण्याच्या गोळ्याला तर कधीच नाही. ओढताना तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. अशाने माणसे दगावली आहेत. दोरावर मधोमध जड पोते टाकायचे आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभे करायचे.

शनिवारी दुपारी अण्णांनी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात दांडीचा सराव केला. गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचे आणि मग लहान दांडी फोर-एलला न्यायची. चालकाला जे घाईत करावेसे वाटते ते ही दांडी घाईत होऊ देत नाही. चारही चाकांचा जोर कोरड्या डांबरावर वापरायचा नाही, कारण वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापायचे असते आणि त्याचा ताण यंत्रणेवर येतो. स्टीअरिंग धरताना अंगठे आत गुंतवायचे नाहीत. दगडाने चाक झटकले तर स्टीअरिंग फिरते आणि अंगठा मोडतो. चढावर गाडी बंद पडली तर वळायचे नाही. रिव्हर्स टाकून, इंजिनच्या आधाराने, सरळ मागे यायचे.

संध्याकाळी अंगणात फूटस्टेप उतरवल्या. बोल्ट मुलीने स्टीलच्या डब्यात भरले आणि कोणता कुठला, हे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात ठेवले. आई ओसरीवर बसून हे पाहत होती. तिने विचारले, "परत लागतील ना रे त्या?" अण्णा म्हणाले, "उद्या रात्री लागतील, आई." तिने मान हलवली; पण तो डबा तिने आत नेऊन स्वतःच्या औषधांशेजारी ठेवला.

रविवारी पहाटे गाडी कोल्हापूरमार्गे पन्हाळ्याकडे निघाली. फावडे, पाणी, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवण्याचे नळकांडे, सगळे मागे तळाशी, पट्ट्याने घट्ट बांधलेले. सोबत दशम्या आणि शेंगाचटणी. दिवस मावळायच्या आत घरी परत, हे आधीच ठरले होते.

शेतावर पोहोचल्यावर अण्णांनी चारही टायरची हवा २० पौंडांवर आणली. मावसभावाची जीप पुढे, जिम्नी मागे. गळिताचा हंगाम असल्याने उसाच्या ट्रॉल्यांनी वाटेवर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. चाकोरीत चाक घातले तर मधला उंचवटा पोटाला लागणार. म्हणून एक चाक त्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेला ठेवून गाडी न्यायची होती. मुलगी खाली उतरून पुढे चालत होती आणि हाताने डावे-उजवे दाखवत होती. एका ठिकाणी मागचे चाक हवेत उचलले गेले. अण्णांचा श्वास अडकला. पण त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला नाही, सोडलाही नाही. गाडीने अधांतरी चाकाला आपोआप ब्रेक लावला, जोर जमिनीवरच्या चाकांकडे गेला आणि ती माणसाच्या चालीपेक्षाही हळू वर आली. मुलीने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या बांधाशी मात्र गाडी फसली. उसाला रात्री दिलेले पाणी वाटेवर उतरले होते. वरून सुकलेली दिसणारी काळी माती आतून लोण्यासारखी होती. चाके जागीच फिरू लागताच अण्णांनी इंजिन बंद केले. चाके फिरवत राहिले तर गाडी आपलाच खड्डा खणते, हे त्यांना आता ठाऊक होते. शेजारच्या शेतातली दोन पोरे दोर घेऊन धावत आली आणि उत्साहाने बंपरला गाठ मारू लागली. अण्णांनी त्यांना थांबवले, आभार मानले, आणि चाकांपुढची माती फावड्याने उपसून तिथे उसाचा पाला अंथरायला सांगितले. मग हूक, दोरखंड, दोरावर पोते, सगळे दूर. जीपने हळू ओढ घेतली आणि गाडी पाल्यावर चढून बाहेर आली. या साऱ्याला पाऊण तास लागला. वाटेचे बिघडले होते तेवढे सगळ्यांनी मिळून फावड्याने सारखे केले, मगच पुढे निघाले. सोमवारी त्याच वाटेने कोणाची तरी ट्रॉली जाणार होती.

टेकडीचा माथा दोनशे पावलांवर असताना शेवटचा चढ आला. पावसाने तो एका बाजूने खचवला होता. दोघे भाऊ उतरून चालत वरपर्यंत गेले आणि चालत खाली आले. मावसभाऊ म्हणाला, "दादा, तू म्हणशील तसं." अण्णांनी खचलेल्या कडेवर पाय ठेवून पाहिला, मुरूम सुटून खाली घरंगळला. त्यांनी गाडी वळवली.

मुलगी काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, चढली असती ना गाडी?"

"बहुतेक चढली असती," अण्णा म्हणाले. "पण बहुतेकच्या भरवशावर आज्जीची उद्याची सकाळ ठेवता येत नाही."

मग दोघे पायी माथ्यावर गेले आणि तिथे बसून दशम्या खाल्ल्या.

परतताना डांबरी लागण्याआधी टायरमध्ये हवा भरली गेली. जयसिंगपुरात शिरल्यावर गाडीचे पोट पाण्याने स्वच्छ धुतले; ब्रेकच्या आसपास अडकलेला चिखल काढला; कुठे तेल गळते का, नळ्या शाबूत आहेत का, हे अण्णांनी पुन्हा पोत्यावर झोपून पाहिले. या वेळी त्यांना प्रत्येक भागाचे नाव ठाऊक होते. आईने औषधांशेजारचा डबा आणून दिला. मुलीने बॅटरी धरली, चिठ्ठ्या वाचल्या, आणि एकेक बोल्ट आपल्या जागी गेला. एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला गाडी दारात उभी होती. आईने दाराची मूठ धरली, फूटस्टेपवर पाय ठेवला, क्षणभर थांबून तिच्यावर भार टाकून पाहिला आणि वर चढली. आत बसल्यावर तिने श्वास ओढून घेतला.

"गाडीला शेताचा वास येतोय रे," ती म्हणाली.

अण्णांनी लहान दांडी जागेवर आहे ना, हे हाताने चाचपून पाहिले आणि गाडी मिरजेच्या रस्त्याला लावली.