पोसायडनला नारळ कोण घालतो?

माणसाला नाद कशाचा लागेल ते सांगता येत नाही. आमच्या वाडीत कुणाला भजनाचा नाद आहे, कुणाला क्रिकेटचा. कुठल्या गावच्या जत्रेत कुठल्या कंपनीचा दशावतार आहे हे कॅलेंडर न बघता सांगणारा माणूस तर आमच्या घरातच आहे, ते म्हणजे माझे बाबा. रात्रभर नाटक बघायचं, पहाटे यायचं आणि तसंच रापणीवर जायचं, हा त्यांचा शिरस्ता. तेव्हा नादिष्टपणा माझ्या रक्तातच असावा. फक्त माझा नाद जरा लांबचा निघाला. मला वेड लागलं ते ग्रीक देवांचं. वाचकहो, हसू नका. ते काम आमच्या आजीने आधीच केलेलं आहे.

तारकर्लीला ओळखीच्या एका घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. बारावीच्या सुट्टीत मी तिथे कामाला जात होते. चादरी बदलायच्या, अंगण झाडायचं, सकाळी घावन्यांच्या तव्यापाशी उभं राहायचं. एकदा मुंबईकडचं एक कुटुंब गेल्यावर खाटेखाली एक इंग्रजी पुस्तक सापडलं. पानापानांत वाळू. मालकिणीने फोन केला, तर मुलीचं वाचून झालंय, ठेवून घ्या, असं उत्तर आलं. ते माझ्याकडे आलं. रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाचं 'द लाइटनिंग थीफ', २००५ साली निघालेलं. या माळेतली पहिली पाच पुस्तकं २००९ पर्यंत आली, त्यांवर दोन सिनेमे झाले, २०२३ च्या डिसेंबरात मालिकाही सुरू झाली. म्हणजे जगाला हे वेड लागून बरीच वर्षं झाली होती. माझ्याकडे ते खाटेखालून आलं.

न्यूयॉर्कमधला बारा वर्षांचा पर्सी जॅक्सन हा त्याचा नायक. शाळेमागून शाळा त्याला काढून टाकते. वाचायला बसला की अक्षरं डोळ्यांपुढे पोहू लागतात. पुढे त्याला कळतं की आपलं डोकं मुळात प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेलं आहे, कारण आपला बाप म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. हा रायर्डन पूर्वी शाळामास्तर होता. स्वतःच्या मुलाला रात्री झोपताना तो ही गोष्ट सांगत असे, आणि त्या मुलालाही वाचण्याची हीच अडचण होती. हे समजलं तेव्हा लेखक एकदम आपला वाटला. माझी अक्षरं पोहत नव्हती, बुडत होती. आई सातवी, बाबा चौथी. घरात पाठ्यपुस्तकाबाहेरचं इंग्रजी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी मीच पहिली. शब्दकोश मांडीवर घेऊन अडीच महिने लागले.

या कथेत देवांच्या मुलांसाठी एक छावणी आहे. प्रत्येक देवाचं तिथे वेगळं घर, आणि मूल ज्या देवाचं त्या घरात ते राहतं. जगभरचे चाहते आपापल्यासाठी असं एकेक घर निवडतात. कॉलेजात आल्यावर पाहते तो काय, असे आणखी चौघे निघाले! वर्गात पहिली येणारी आमची मैत्रीण अर्थातच बुद्धिदेवता अथेनाची. कणकवलीहून एस.टी.ने येणारा एकजण पाताळातल्या हेडिसचा, कारण तो डबा एकटाच खातो आणि कुणी जवळ बसलं तर त्याच्याकडे फक्त बघतो. मी कुणाची हे कुणी विचारलंच नाही. मालवणच्या गाबितांच्या मुलीने दुसरा कुठला देव निवडायचा? मराठीच्या मॅडमना आमचा हा खेळ पोरकट वाटला. ग्रीकच वाचायचं तर शोकांतिका वाचा, म्हणून त्यांनी पु. लं.चं 'राजा ओयदिपौस' ग्रंथालयातून स्वतः काढून दिलं. वाचलं, हादरून गेले. पण नाद म्हणाल तर पर्सीचाच.

आजीने मात्र वर्मावर बोट ठेवलं. "आपलो रवळनाथ कमी पडलो काय गे तुका?"

हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. खरं तर ग्रीकांचे देव आणि आमच्या मुलखातले देव यांच्या स्वभावात मला फारसं अंतर दिसत नाही. दोघांनाही राग येतो, मान लागतो, चूक झाली की ते जाब विचारतात. आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो, त्याच्या पायातल्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. ग्रीकांच्या हर्मिसच्या पायात पंखांच्या चपला आहेत. त्या झिजतात की नाही हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, कारण नव्या करून देणारं आता कुणी उरलं नाही. मला वाटतं, फरक असलाच तर इथेच आहे. झ्यूसला कौल लावायचा नसतो. त्याच्या पुढ्यात उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणायचं नसतं. त्याचं काही देणं लागत नाही, म्हणून त्याच्यावर प्रेम करणं सोपं. रवळनाथाचा 'चाहता' मला होता येणार नाही. तो मला ओळखतो.

आणि ग्रीक देव इथे आणून बसवावेत तर गंमतच होते. अथेन्स शहर कुणाचं यावरून अथेना आणि पोसायडन यांच्यात स्पर्धा लागली. पोसायडनने खडकावर त्रिशूळ मारला आणि खाऱ्या पाण्याचा झरा काढला. अथेनाने ऑलिव्हचं झाड दिलं आणि ती जिंकली. आमच्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, खाऱ्या पाण्याक कोण ईचारता? बरोबर आहे. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. खारा झरा घेऊन आलेल्या देवाला मालवणात पहिल्याच फेरीत घरी पाठवलं असतं.

तरीही हा देव आपल्याकडे येऊन गेलेला आहे, आणि कथेत नाही, प्रत्यक्षात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक आहे. त्यात चौलच्या दक्षिणेकडच्या बंदरांची नावं येतात, आणि या किनाऱ्यावर चाचे असतात असा इशाराही येतो. त्यातलं मेलिझिगारा म्हणजे मालवण असा तर्क जुन्या काही अभ्यासकांनी केला, इतरांनी जयगड म्हटलं. मी कुणाच्या बाजूची हे सांगायला नको. जुन्नरच्या लेण्यांत तर इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दान दिल्याचा लेख आहे. यवन हा शब्द तेव्हा ग्रीकांसाठी आणि पश्चिमेकडून येणाऱ्यांसाठी वापरत.

हे सगळं आमच्या इतिहासाच्या सरांनी कोल्हापूरच्या सहलीत गाडीत सांगितलं. फोंडाघाट चढताना अर्धी गाडी उलट्या करत होती, त्यामुळे ऐकणारे थोडेच होते. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे १९४०च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला, आणि १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. त्या साठ्यात पोसायडन निघाला. सातवाहनांच्या काळात रोमन साम्राज्यातून आलेली छोटीशी मूर्ती, घडण ग्रीक वळणाची. ती टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. मी काचेपाशी इतका वेळ उभी राहिले की शिपाई दोनदा बघून गेला. केवढासा देव! एक हात उंचावलेला, त्यात एकेकाळी त्रिशूळ असणार, आता नाही. समुद्राचा मालक, आणि घाटावर, गुळाच्या पेठेत येऊन बसलेला.

तेव्हा मला 'ओडिसी'तली एक जागा आठवली. होमरच्या त्या महाकाव्याचं इंग्रजीतलं संक्षिप्त रूप मी तोवर वाचलं होतं. त्यात ओडिसियसला भविष्य सांगितलं जातं की, घरी पोचलास तरी पोसायडनचा राग सरणार नाही. खांद्यावर वल्हं घे आणि चालत राहा. जिथल्या माणसांनी समुद्र पाहिलेला नाही, जिथे तुझ्या वल्ह्याला कुणी धान्य उफणण्याचं अवजार समजेल, तिथे ते जमिनीत रोव आणि पोसायडनला बळी दे. ब्रह्मपुरीच्या त्या घरात हा देव कुणी ठेवला, पूजेला की शोभेला, कोण जाणे. पण मला घाट चढून आलेलं एक वल्हं दिसत राहिलं.

याच 'ओडिसी'ने माझा पोसायडन दुभंगला. रायर्डनच्या कथेतला पोसायडन मुलावर जीव लावणारा बाप आहे. पर्सी उंचावरून मिसिसिपी नदीत पडतो आणि बुडत नाही, पाणी त्याला सांभाळून घेतं. होमरचा पोसायडनही बापच आहे, पण ओडिसियसने त्याच्या राक्षस मुलाचा डोळा फोडला म्हणून तो त्या माणसाला वर्षानुवर्षं घरी जाऊ देत नाही. किनारा दिसू लागतो आणि तेवढ्यात हा वादळ उठवून त्याचा तराफा मोडतो. माझं मत विचाराल तर होमरचा पोसायडन खरा. ज्यांची माणसं रोज होड्या लोटत होती त्यांनी तो पाहिलेला होता. प्रेमळ पोसायडन सुचायला समुद्रापासून जरा लांब राहावं लागत असावं.

आता जे लिहायचं आहे ते थोडक्यात लिहिते. माझे थोरले काका सहा वर्षांपूर्वी समुद्रात गेले ते आले नाहीत. होडी सापडली, काका सापडले नाहीत. कागदावर 'बेपत्ता' असा शब्द आहे. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कायदा त्याला मेला असं धरतो; १८७२ च्या पुरावा कायद्यात ते होतं, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही आहे. भटजींनी काकीला सांगितलं की देह नसला तरी पळसाच्या पानांचा नाहीतर दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो. काकीने ऐकून घेतलं आणि उठून आत गेली. तिच्या हातात अजून हिरव्या बांगड्या आहेत. वाडीतले लोक काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, आठवीत आहे. त्याला मी रात्री पर्सी वाचून दाखवू लागले, म्हणजे इंग्रजीत वाचायचं आणि लगेच मालवणीत सांगायचं. पहिल्याच प्रकरणांत पर्सीची आई त्याला सांगते की तुझा बाप मेला नाही, समुद्रात हरवला. ही ओळ पुढे येणार हे मला ठाऊक होतं. वगळावी का, असं आदल्या रात्री मनात येऊन गेलं होतं. वगळली नाही. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने नुसतं म्हणाला, "मगे?"

मग आम्ही पूर्ण पुस्तक वाचलं. शेवटी पर्सी बापासमोर उभा राहतो. बाकी देवांची सिंहासनं मोठमोठी, पण पोसायडन बसलाय तो मासे मारायच्या बोटीवर असते तसल्या साध्या खुर्चीत, आणि त्याच्या हातांवर जुन्या मासेमाराच्या हातांसारखे वण आहेत. इथे त्याने मला थांबवलं.

"देवाचे हात कशाक कापतत?"

"दोरी ओढून," मी म्हटलं.

"मगे तो आपणच ओढता. दुसऱ्याक लावणा नाय," तो म्हणाला आणि कूस वळून झोपला.

'ओडिसी'तल्या मुलाची गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. तोही असाच, बाप वीस वर्षं समुद्रापार. अथेना वेश बदलून येते आणि त्या मुलाला सांगते, बापाची चौकशी कर. जिवंत असेल तर आणखी एक वर्ष कळ काढ. मेल्याचं कळलं तर घरी ये, देहावाचूनच मातीचा उंचवटा कर, उत्तरक्रिया कर आणि आईचं लग्न लावून दे. किती जुनी गोष्ट, आणि प्रश्न आमच्या पडवीतला! यातलं अर्धं मी काकीला सांगितलं. लग्नाचं सांगितलं नाही.

नारळी पुनवेला मालवणच्या बंदरावर नेहमीप्रमाणे गर्दी होती. किल्ल्यावरून मानाचा नारळ आला. आम्ही मात्र आमच्या वाडीसमोरच्या किनाऱ्यावर होतो. काकी दर वर्षी नारळ घालते, काका गेले त्या वर्षीही तिने घातला होता. पाण्यातून वर येऊन ओलं लुगडं पिळताना तिने मला विचारलं, "तुज्या त्या दर्यावरच्या देवाचा नाव काय ता?"

मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही.

"त्येका नारळ कोण घालता?"

"आता कोणच नाय, काकी. पुस्तकातच असा तो."

"मगे रागावतलोच," ती म्हणाली.

त्या दिवशी आमच्याकडे वीस नारळ आले होते. आजीने एक बाजूला काढून माझ्या हातात दिला आणि कुणासाठी ते सांगितलं नाही. मी तो पाण्यात सोडला.

भाऊ आता 'द सी ऑफ मॉन्स्टर्स' हा दुसरा भाग स्वतःच वाचतो आहे. हा भाग कणकवलीच्या त्या हेडिसवाल्याने दिला. डबाही हल्ली तो आमच्यात बसून खातो. भाऊ अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवतो आणि मी कॉलेजातून आले की सगळे एकदम विचारतो. काल सत्तावीस होते.