मुद्दाम घालवलेली लाईट

चालू रुग्णालयाची वीज आपणच तोडून बघायची, या कल्पनेला मी बरीच वर्षं कडाडून विरोध केला. हल्ली दर महिन्याला ती तोडू द्या म्हणून मीच अधीक्षकांच्या मागे लागतो. विभागातले जुने सहकारी चिडवतात, “साहेब, चालत्या गाडीचं चाक काढू नये, असं तुम्हीच सांगायचात ना?” सांगायचो खरा.

विरोधाचं कारण साधं होतं. महावितरणचा पुरवठा सुरळीत असताना मी मेन ब्रेकर पाडणार आणि त्याच क्षणी अतिदक्षता विभागात कुणीतरी व्हेंटिलेटरवर असणार. जनरेटर उठलाच नाही तर? वादळाने लाईट गेली तर लोक समजून घेतात. मी घालवली तर जाब मलाच विचारतील. त्यापेक्षा दर सोमवारी डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, लोड न देता थोडा वेळ चालवलेला बरा. व्होल्टेज ४१५, फ्रीक्वेन्सी ५०, तेलाचा दाब ठीक. रजिस्टरात ‘ओके’ आणि खाली सही. पुष्कळ ठिकाणी अजून असंच चालतं. त्यात कामचुकारपणा नसतो, काळजीच असते.

माझ्या मनात पहिली शंका आली ती सायलेन्सरच्या जोडातून ओघळणाऱ्या काळ्या, चिकट तेलामुळे. इंजिन ओव्हरहॉलला आलं असं मी धरून चाललो होतो. मेकॅनिकने त्यावर बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाला, “इंजिन धडधाकट आहे साहेब. याला लोड द्या.” डिझेल इंजिन रिकामं चाललं की पुरेसं तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही आणि ते काजळीसकट एक्झॉस्टमध्ये साचतं. अमेरिकेतलं एनएफपीए ११० हे मानक महिन्यातून एकदा निदान ३० मिनिटं, क्षमतेच्या किमान ३० टक्के लोडवर संच चालवायला सांगतं, ते याचसाठी.

पुढचा प्रश्न त्यातूनच निघाला. वीज गेली की पॅनलला ते कळायला हवं, स्टार्टरच्या बॅटरीने इंजिन फिरवायला हवं, मेनचा ब्रेकर सुटून डीजीचा लागायला हवा. नुसतं इंजिन चालवून यातलं निम्मंही तपासलं जात नाही. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर २०१२च्या सँडी वादळात बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर १३व्या मजल्यावर सुखरूप होते, पण त्यांना डिझेल पुरवणारे पंप तळघरात होते आणि तळघर पाण्याने भरलं. लोकांनी जिन्यात रांग लावून हातोहात डिझेल वर चढवलं. तरी अखेर रुग्णालय रिकामं करावं लागलंच. आमच्या मासिक चाचणीत असा पूर कळणार नाही, हे मान्य. पण एकट्या यंत्राकडे बघून निर्धास्त होण्याची माझी सवय त्या हकिकतीने मोडली.

भीती मात्र जात नव्हती. ती निवळली १२ ऑक्टोबर २०२०ला. कोविडचा काळ, सोमवार, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांत पुरवठा यायला कित्येक तास लागले. तेव्हा मनाशी हिशेब मांडला. अशी वीज जाते तेव्हा टेबलावर कुणाचं पोट उघडं असेल, माझा माणूस कुठल्या मजल्यावर असेल, काही सांगता येत नाही. चाचणीची वेळ मी ठरवतो. शस्त्रक्रिया नसलेली सकाळ, प्रत्येक व्हेंटिलेटरपाशी अँबू बॅग घेतलेली सिस्टर, पॅनलसमोर माणूस. बिघडलंच तर मेन परत लावायला हात पुढे केला की झालं. ज्या धोक्याला मी भीत होतो, तो चाचणीच्या वेळी सगळ्यांत कमी असतो.

मेट्रनबाईंना विश्वासात घेऊन पहिल्यांदा मेन पाडला. डीजीने दहा सेकंदांच्या आत भार घेतला. अतिदक्षता विभाग यूपीएसवर होता, तिथे कुणाला कळलंही नाही. मी सुस्कारा टाकतोय तोच स्त्री-वॉर्डातून फोन आला, “भाऊ, आमचं सक्शन बंद पडलंय.” मागे कधीतरी झालेल्या दुरुस्तीत तिथले दोन सॉकेट बिनबॅकअपच्या लाईनवर गेले होते. भिंतीवरच्या नकाशात ते डीजीवर दाखवलेले. अधीक्षकांच्या केबिनमधला एसी मात्र डीजीवर थंडगार चालू होता.

तेव्हापासून ‘मोठा जनरेटर घेऊया’ या प्रस्तावाकडेही मी वेगळ्या नजरेने बघतो. २५० केव्हीएच्या जागी ५०० घेतला आणि भार तोच राहिला, तर संच आणखी रिकामा चालतो आणि काजळी वाढते. आधी जीवरक्षक, आवश्यक आणि बाकीचा असे तीन भार वेगळे करावेत, मग क्षमता ठरवावी. २५० केव्हीएचा संच पाऊण भारावर तासाला साधारण ४० लिटर डिझेल पितो; हजार लिटरची टाकी जेमतेम दिवसभर पुरते. गच्चीवरच्या सौर पॅनलचा अनेकांना भरवसा वाटतो. पण बॅटरी नसलेली साधी ऑनग्रिड यंत्रणा लाईट गेली की लाईनमनच्या सुरक्षेसाठी स्वतःहून बंद पडते.

चाचणीत जोखीम अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. ब्रेकर पाडताना आजही घसा कोरडा पडतो. डॉक्टरांनी ‘आज नको’ म्हटलं की त्या दिवशी पाडत नाही. पण पुढची तारीख घेतल्याशिवाय त्यांच्या खोलीतून बाहेरही पडत नाही. नव्या संचाच्या फाइलवर सही करणाऱ्यांना माझं एकच सांगणं: जुन्या संचाची मेन पाडून, खऱ्या लोडवर शेवटची चाचणी कधी झाली, ती तारीख आधी मागा. ती सापडत नसेल, तर सही थांबवून आधी मेन पाडायला लावा.